भाजल्यावर मध अन् केळीचं पान : खरं किती?



गुऱ्हाळं पेटायचे, पाचट जाळायचे दिवस आले की कुणीतरी भाजतंच. मग कुणी कोरफड सांगतं, कुणी मध, कुणी टूथपेस्ट. यातल्या झाडपाल्याचा इतिहास काय, ते आज बघू.

सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार दिलेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. खोल भाजलं तर सुटलेलं मांस काढा, थंड उपचार करा, तुपातला लेप लावा अन् जखम गुळवेलीच्या पानांनी झाका, असं त्यात आहे. पण वरवर भाजलेल्याला शेक द्या, हेही त्याच ग्रंथात आहे. आजचे डॉक्टर बरोबर उलटं सांगतात : गार पाणी. म्हणजे जुनं सगळंच खरं नाही अन् सगळंच खोटंही नाही. पारखून घ्यावं लागतं.

ही पारख आपल्या शेजारी, सोलापुरात झाली. तिथल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचे सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन गट केले. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना दवाखान्यातलं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन. 1991 साली निकाल छापून आला. 15 दिवसांत मधवाल्या 87 टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात 10 टक्के. मध घट्ट अन् आंबट, त्यात जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही.

मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. पान मेणचट, जखमेला चिकटत नाही, त्यामुळं पट्टी बदलताना रुग्ण ओरडत नाही. अन् किंमत नावापुरती. 2003 साली हे काम छापून आलं. पण नीट ऐका : पान वाफेनं निर्जंतुक केलेलं होतं, बागेतून तोडून थेट लावलेलं नव्हतं.

अन् खरी गोष्ट पुढं आहे. ज्या सुब्रह्मण्यम यांनी मधाचं नाव केलं, त्यांनीच 1999 साली दाखवून दिलं, की जास्त भाजलेल्याला मधापेक्षा लवकर ऑपरेशन करून कातडी लावणं चांगलं. आपल्याच औषधाची हद्द आपणच सांगायची, याला म्हणतात अभ्यास.

मग आपण काय करायचं? भाजल्या भाजल्या 20 मिनिटं वाहतं साधं पाणी, मोटारीचं स्वच्छ असलं तरी चालेल. बर्फ नको. अंगठी, कडं, बांगड्या लगेच काढा. फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या कापडानं झाका अन् दवाखाना गाठा. तोंड, हात, सांधे भाजले किंवा लेकरू असलं, तर घरी थांबूच नका. बरणीतला मध, शेण, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. मध लावायचा का नाही, ते जखम बघून डॉक्टर ठरवतील.

टोळीवर, गुऱ्हाळावर हे वाचून दाखवा.