जोडा कुणाच्या पायात?

आश्विन सरत आला की सेलूच्या पहाटेला गारवा येतो. अशाच एका पहाटे मी वर्ध्याच्या रस्त्याने फिरायला निघाले होते. समोरून तीन-चार आकृत्या धावत आल्या. अंगात सैल शर्ट, खाली विजार, पायांत जाडजूड बूट. जवळ येताच एकीने धापा टाकीत म्हटले, "नमस्ते, बाई!" पाहते तो माझीच जुनी विद्यार्थिनी! पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावण्याचा सराव चालला होता. बूट थोरल्या भावाचे. पुढे चिंध्या कोंबून बसवलेले.

घरी येऊन हे सांगितले, तर सासूबाई म्हणाल्या, "पोट्टी व्हय का पोट्टा, हे वळखू तं आलं पाहिजे ना, बाई!"

मी हसले खरी. पण बूट आणि विजार पुरुषांचीच, हे ठरवले कोणी, हा प्रश्न काही मनातून जाईना.

वाचकहो, पुरुषवेषातली स्त्री आपल्याला नवी नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीला होते. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाले. राणी लक्ष्मीबाई कधी स्त्रीवेषाने, तर पुष्कळदा पुरुषवेषाने दरबारी येत, असे ते सांगतात. पायजमा, अंगरखा, डोक्यास टोपी, कमरेला दुपट्टा नि तलवार! गोडसे पडले भिक्षुक, सोवळ्याओवळ्यात वाढलेले. पण राणीचा हा पोशाख त्यांनी कौतुकानेच वर्णिला आहे.

आता पंचवीस वर्षे पुढे या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, हे सांगताना त्यांनी मुंबईतल्या दिवसांची आठवण काढली. हाती पुस्तके घेऊन त्या शाळेला निघाल्या, की खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर येत, गाड्या थांबत, वाटेवरचे लोक हसत. बूट-मोजे घालून शाळेला जाणारी ही कोण बाई? कलियुग म्हणतात ते हेच!

राणीचा पायजमा लोकांना खपला आणि एका शाळकरी मुलीचे बूट मात्र खपले नाहीत. असे का व्हावे? मला वाटते, राणी घोड्यावर होती आणि राणी एकच होती. आनंदीबाई मात्र चारचौघांच्या रस्त्याने पायी चालल्या होत्या. आज ही, तर उद्या आपल्या घरातलीही निघेल, याची ती धास्ती होती. राग बुटांवर नव्हताच. तो त्या बुटांच्या वाटेवर होता.

त्यांनी पुरुषांची नक्कल केली म्हणावे, तर फिलाडेल्फियाच्या थंडीतही त्यांनी साडी सोडली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. चालायचे आहे म्हणून बूट हवेत, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आमच्या या कपाशीच्या मुलखात माझी आजी पऱ्हाटी वेचायला अनवाणी जाई. तिच्या टाचांच्या भेगांत काळी माती कायमची बसलेली. पुढे वहाणा आल्या. पण पारावर वडीलधारे बसलेले दिसले, की ती त्या काढून हातात घेई. दलितांवरही वरच्या आळीतून जाताना जोडे हाती धरण्याची सक्ती कित्येक गावांत होती. जोडा पायात की हातात, यावर माणसाची पायरी ठरे.

१९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणले. सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के जागा राखल्या गेल्या. पहाटेच्या रस्त्यावरची ती धाव तिथवर पोचण्यासाठीच आहे.

पण इतरांना बोल लावणारी मी कोण? हीच मुलगी आठवीत असताना क्रीडादिनी भावाची विजार घालून आली होती. "मुलीसारखी ये," असे सांगून मीच तिला घरी पाठवले. ती परत आली नाही. तिची शर्यत तिच्यावाचून झाली. मुंबईच्या खिडकीतून बाहेर आलेल्या डोक्यांत एक डोके माझेही होते.

परवा ती बाजारात भेटली. मी ती गोष्ट काढली, तर ती म्हणाली, "मी तं विसरूनबी गेली होती, बाई." विसरली नव्हती; क्षणभर तिची नजर खाली गेली. मग आपणच हसून म्हणाली, "दादा भाऊबीजेला नवे बूट घेऊन देणार हाय. माह्या मापाचे!"

हे मी सासूबाईंना सांगितले. पणतीची वात सारखी करीत त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घालून पाहून घे म्हणा तिले. नाही तं टाच सोलते."