जुन्या गाडीचा भाव ठरवतं कोण?

नगरमध्ये घरात गाडी घ्यायचं निघालं की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा आणि दुसरा रीसेलचा. जणू दोन्ही आकडे कंपनीने इंजिनातच बसवून दिलेत! पण गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास बघा. रीसेलचा आकडा बॉनेटखाली कमी आणि दिल्लीतल्या फायलींत जास्त सापडतो.

सत्तरच्या दशकात नगरची स्वतःची गाडी म्हणजे कायनेटिकची ५० सीसीची लुना. चारचाकी हवी तर ॲम्बेसेडर, नाहीतर कुर्ल्यात बनणारी फियाट, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर. नवी मिळतच नसल्याने जुनीचा भाव टिकून राही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी मारुती ८०० च्या पहिल्या ग्राहकाला चावी दिली. तिलाही सुरुवातीला रांग होती आणि हातोहात विकली तर वर प्रीमियम मिळायचा. यात गाडीच्या गुणांइतकाच वाटा टंचाईचाही होता. १९९३ मध्ये मोटारींवरचं परवान्याचं बंधन उठलं, रांग सरत गेली. मग भाव टिकला तो ज्या गाडीचा मेकॅनिक आणि स्पेअर पार्ट तालुक्याला मिळतो, तिचा.

१९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. पिंपरीत बनलेली, डिझेलवर चालणारी हॅचबॅक. डिझेलचे दर सरकारने दाबून धरलेले, त्यामुळे वडापवाले आणि टॅक्सीवाले तिच्यावर खूश. २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं.

आता एक हिशेब मांडू. धरा, डिझेल गाडी १ लाखाने महाग, ॲव्हरेज २२. पेट्रोल गाडीचं १८. तेव्हाच्या दराने किलोमीटरमागे साधारण २ रुपये २० पैसे वाचतात, म्हणजे लाख रुपये वसूल व्हायला ४५ हजार किलोमीटर पळायला हवं. वर्षाला ४० हजार पळणाऱ्या टॅक्सीला वर्ष-सव्वा वर्ष पुरे. लग्नकार्य, दवाखाना आणि शिर्डी यांपुरती वर्षाला ८ हजार पळणाऱ्या घरच्या गाडीला साडेपाच वर्षांहून जास्त. तरी अनेकांनी डिझेलच घेतली, कारण ‘विकताना पैसे येतील’.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर मुक्त झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि त्याच वेळी मारुतीने डिझेल इंजिन बंद केलं. गाडी तीच, तिच्यामागचं गणित मात्र गेलं.

करांचंही तसंच. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. पेट्रोल इंजिनाला मर्यादा १२०० सीसीची, डिझेलला १५०० ची. पुढे कंपन्यांनी डिकी कापून चार मीटरात बसवलेल्या सेडान काढल्या, त्या याच सवलतीसाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी, सेस धरून, २९ वरून १८ टक्के झाला. ५ लाख मूळ किमतीवर हा फरक ५५ हजारांचा. आदल्या महिन्यात हप्त्यावर गाडी घेतलेल्याची गाडी काहीही न बिघडता तेवढ्याने उतरली. हप्ता मात्र तोच राहिला.

विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, चौथ्या वर्षात ४० टक्के आणि पाचव्यात ५० टक्के कमी धरतात. म्हणजे सर्वात महाग पडतात ती पहिली वर्षं. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने रीसेलचा घोर जरूर करावा. पण उसाच्या बिलातून गाडी घेऊन दहा-बारा वर्षं वापरणाऱ्या घरात एकूण खर्च ठरतो तो व्याज, इंधन, विमा आणि सर्व्हिसिंगवर. तिथे चांगल्या रीसेलच्या नावाखाली आज लाखभर जास्त मोजणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या सरकारी धोरणावर पैसे लावणं.

त्यापेक्षा वर्षाला गाडी किती पळणार, हे आधी वहीत लिहा. तेवढा एक आकडा आपल्या हातातला आहे.