दिनविशेष : २२ एप्रिल – तारखेमागचा हिशेब

१९७० साली आजच्या दिवशी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. कल्पना विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची. आदल्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटली होती आणि तेलाने माखलेले समुद्रपक्षी साऱ्या देशाने पाहिले होते. तारीख मात्र भावनेने नव्हे, व्यवहाराने ठरली: वसंतातली सुट्टी संपलेली, वार्षिक परीक्षा अजून लांब, म्हणजे विद्यार्थी कॉलेजात सापडणार. (नेमकी त्याच दिवशी लेनिनची जन्मशताब्दी निघाली आणि काहींना त्यात कम्युनिस्टांचा डाव दिसला!) सुमारे दोन कोटी लोक सहभागी झाले.

एका दिवसाच्या सभा-मिरवणुकांनी काय साधते, हा आक्षेप जुनाच. रोपासोबत फोटो काढून घेण्याच्या आजच्या हौसेकडे पाहता तो खोडूनही काढवत नाही. शिवाय राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० लाच झाला होता; वारे आधीच फिरले होते. पण २२ एप्रिलनंतर आयोजक स्वस्थ बसले नाहीत. पर्यावरणाच्या विरोधात मते देणाऱ्या बारा काँग्रेस सदस्यांची ‘डर्टी डझन’ यादी त्यांनी काढली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांपैकी सात जण पडले. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, स्वच्छ हवा कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांनी सही केली. निक्सन काही निसर्गवेडे नव्हते. १९७२ ची निवडणूक समोर होती आणि संभाव्य प्रतिस्पर्धी एडमंड मस्की प्रदूषणाच्या प्रश्नावर आघाडीवर होते.