नळीदिवा आणि कागद : दोन औद्योगिक शोधांचा ऐतिहासिक संबंध

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कागदपत्रांच्या आशयाची चिकित्सा होते; परंतु कागद हे द्रव्य आणि तो ज्या उजेडात वाचला जातो तो उजेड यांचा विचार क्वचितच होतो. सेल्युलोजपासून बनलेला कागद व अनुस्फुरक नळीदिवा, म्हणजेच बोलीभाषेतील ट्यूबलाइट, यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कागदाचे द्रव्य :
फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायें याने इ.स. १८३८ मध्ये वनस्पतींतून सेल्युलोज वेगळे केले. ग्लुकोजच्या हजारो घटकांची लांब साखळी, असे त्याचे स्वरूप आहे. कागदाचे बळ या साखळीच्या लांबीवर अवलंबून असते. आम्ल अथवा ऑक्सिडीकरण यामुळे साखळी तुटत गेली की कागद ठिसूळ होतो.

जुन्नर, तसेच दौलताबादजवळील कागजीपुरा येथील हातकागद चिंध्या व ताग यांसारख्या तंतूंपासून बनत असे. त्यावरील काजळीची शाई प्रकाशाने सहसा विटत नाही. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे मोडी कागद आजही वाचता येतात, याचे एक कारण या द्रव्यांत आहे. युरोपात मात्र मोरित्स इलिग याने इ.स. १८०७ मध्ये राळ व तुरटीची खळ प्रचारात आणली आणि कागदात आम्लाचा शिरकाव झाला. पुढे फ्रीडरिश केलर याने इ.स. १८४४ च्या सुमारास लाकूड दळून लगदा करण्याची रीत शोधली. कागद स्वस्त झाला, परंतु लाकडातील लिग्निन त्यात राहिले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' इ.स. १८३२ मध्ये निघाले तेव्हा हे युग अवतरले नव्हते. विसाव्या शतकातील वृत्तपत्रे मात्र प्रामुख्याने अशाच कागदावर छापली गेली.

नळीदिव्याचा विकास :
'फ्लुओरेसन्स' ही संज्ञा जॉर्ज स्टोक्स याने इ.स. १८५२ मध्ये रूढ केली. पीटर कूपर ह्यूइट याचा पारावाफेचा दिवा इ.स. १९०१ चा, तर एडमुंड जर्मर व सहकाऱ्यांचा एकस्व अर्ज इ.स. १९२६ चा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने इ.स. १९३८ मध्ये हे दिवे बाजारात आणले. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की मुख्यतः २५४ नॅनोमीटर लांबीची अतिनील किरणे निघतात. नळीच्या आतील लेप ती शोषून दृश्य प्रकाश देतो आणि उरलेली काच अडवते. तथापि ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा काही अंश बाहेर पडतो.

संबंध व परिणाम :
शुद्ध सेल्युलोज हा दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही. लिग्निन मात्र अतिनील व निळ्या बाजूचा प्रकाश शोषते व पिवळे पडते. त्यापासून सुरू होणाऱ्या अभिक्रिया सेल्युलोजलाही इजा करतात. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. बंद कपाटातील कागदाचा मुख्य शत्रू आम्ल होय; उघड्या मांडणीतील कागदावर आम्ल व प्रकाश दोहोंचा मारा होतो. सर्व दोष नळीदिव्यावर टाकणे म्हणूनच उचित ठरणार नाही.

गॅरी थॉमसन यांनी 'द म्युझियम एन्व्हायर्नमेंट' (इ.स. १९७८) या ग्रंथात संवेदनशील वस्तूंसाठी ५० लक्स आणि अतिनील किरणांसाठी दर ल्यूमेनला ७५ मायक्रोवॅट ही मर्यादा पुरस्कारिली. प्रकाशाची इजा साचत जाते. ५० लक्स प्रकाशात रोज ८ तास व वर्षाचे ३०० दिवस ठेवलेल्या वस्तूवर १,२०,००० लक्स-तास इतका प्रकाश पडतो. ३०० लक्सच्या वाचनकक्षात तोच आकडा ७,२०,००० होतो. म्हणजे सहा वर्षांचा प्रकाश एका वर्षात पडतो.

पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या पक्षराष्ट्रांनी इ.स. २०२३ मध्ये सर्वसाधारण वापराच्या अनुस्फुरक दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात इ.स. २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा निर्णय घेतला. त्यांची जागा घेणाऱ्या पांढऱ्या एलईडीतून अतिनील किरणे जवळजवळ निघत नाहीत. परंतु निळा प्रकाश निघतोच. त्यामुळे दिवा बदलला तरी उजेडाची मात्रा व कालावधी यांवरील नियंत्रण अनिवार्य राहते.

निष्कर्ष :
कागदपत्र जितके जुने तितके नाजूक, ही समजूत सरसकट खरी नाही. अठराव्या शतकातील मोडी रुमालापेक्षा विसाव्या शतकातील वृत्तपत्राची फाईल अधिक धोक्यात असू शकते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची बहुतांश मुद्रित साधने याच वर्गातील असून त्यांतील काही महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या उघड्या मांडणीवर आहेत. ती आम्लमुक्त वेष्टनात व बंद कपाटात ठेवणे, प्रदर्शनात मूळ प्रतीऐवजी छायाप्रत मांडणे आणि वाचक नसताना दिवे मालवणे, हे उपाय मोठ्या निधीवाचूनही शक्य आहेत. साधने टिकली तरच त्यांच्या अन्वयार्थाचे वाद संभवतात. म्हणून साधनांचे जतन हे ग्रंथपालाइतकेच इतिहासाच्या अध्यापकाचेही कर्तव्य ठरते.