‘कूळ लागेल’ या भीतीचा इतिहास

आमच्या घाटंजीत कोणी खोली किरायाने मागायला आला, की घरमालक आधी किरायाचे बोलत नाही. तो विचारतो, ‘नोकरीवर आहात की धंद्यात?’ समोरचा म्हणाला, ‘नोकरीवर’, की दुसरा प्रश्न येतो, ‘बदली किती वर्षांनी होते?’ तीन वर्षांनी होते म्हटले की मालकाचा चेहरा खुलतो आणि घरातून चहा येतो. बदलीचा माणूस म्हणजे जाणारा माणूस. जो जाणार आहे त्यालाच घर द्यायचे आणि ज्याला खरोखर घराची गरज आहे, म्हणजे ज्याला इथेच राहायचे आहे, त्याला मात्र टाळायचे, अशी ही उफराटी रीत आहे. तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

तो सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी स्वतः घरमालक आहे. रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि एक दुकानगाळा, एवढीच माझी मालमत्ता. तेव्हा मी बोलतो ते एका बाजूच्या माणसाचे बोलणे आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावे. थकलेला किराया, न भरलेले लाईट बिल, परस्पर ठेवलेला पोटभाडेकरू, कुलूप लावून चार-चार महिने बेपत्ता झालेले कुटुंब, हे सारे घरमालकाला नवीन नाही. पण भाडेकरूंनाही विचारून पाहा. पाणी बंद करणारा, पावसाळ्यात कवेलू न फिरवणारा, पावती मागितली की अंगावर येणारा मालक त्यांनीही पाहिलेला असतो. माणसे दोन्हीकडे सारखीच असतात. प्रश्न असा, की हे भांडण एवढे कडू कशाने झाले?

त्यासाठी थोडे लांब जावे लागेल. १९१५ साली पहिले महायुद्ध चालू होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जहाजबांधणी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार आले आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष कामावर किंवा आघाडीवर होते, म्हणून बायका पुढे आल्या. मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे द्यायचे नाकारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश संसदेला भाडे गोठवणारा कायदा करावा लागला. युद्धापुरती केलेली ही सोय होती. पण टंचाई आली की भाडे गोठवायचे आणि भाडेकरूला हलवायचे नाही, हा धडा तेव्हापासून सरकारांनी गिरवला.

मुंबईत पहिला भाडे निर्बंध कायदा १९१८ साली आला, तोही युद्धामुळेच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला १९३९ चा आला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा झाला. त्यात भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. मुंबईच्या चाळीत पाच-सात रुपये भाडे आणि हातात लाखांची पागडी, हा प्रकार सुरू झाला तो इथून.

आपले विदर्भ तेव्हा मुंबईत नव्हते. राजधानी नागपूर होती आणि प्रांताचे नाव होते मध्य प्रांत व वऱ्हाड. या प्रांताने १९४६ साली आपला वेगळा कायदा केला आणि त्याखाली १९४९ साली एक आदेश निघाला. वकील मंडळी त्याला आजही ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ म्हणूनच ओळखतात. काळ कठीण होता. युद्धात सिमेंट-लोखंड मिळत नव्हते, बांधकामे थांबली होती आणि त्यातच फाळणीने निर्वासितांचे लोंढे आणले. त्यामुळे या आदेशाचा एक भाग जिथे लागू होता, तिथे घर रिकामे होणार असे कळले की मालकाने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ते सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला देऊन टाकायचे, अशी तरतूद होती. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसासाठी हे वरदानच होते. हे विसरून घरमालकांनी नुसती तक्रार करणे बरोबर नाही.

मालकाच्या दृष्टीने खरी मेख होती ती तेराव्या कलमात. भाडेकरूला घर सोडण्याची साधी नोटीस द्यायची, तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागत असे. कारणे ठरलेली होती. तीन महिन्यांचे भाडे थकले, भाडे नेहमीच उशिरा येते, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना उपद्रव होतो, मालकाला स्वतःसाठी घराची खरी गरज आहे, मोठी दुरुस्ती करायची आहे वगैरे. त्यातले एखादे सिद्ध झाले, की परवानगी मिळायची. तिच्यावर अपील, अपिलानंतर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. हे सारे संपले की मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली नोटीस आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा. म्हणजे घर एक, पण लढाया दोन. मुंबईचा मालक निदान थेट कोर्टात जाऊ शकत होता. आपल्याकडे कोर्टाच्या दाराआधी आणखी एक दार होते.

आमच्या काकांचे यवतमाळला घर होते. त्यांची नोकरी बाहेरगावी, म्हणून घर त्यांनी एका नोकरदाराला दिले. काका १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांनी घर मागितले. भाडेकरूची बदली झाली होती, पण मुलांच्या शाळेसाठी कुटुंब तिथेच होते. काकांनी अर्ज केला. तेव्हापासून ते भाडे घेईनात, कारण घेतले तर दावा कच्चा पडेल असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. तो गृहस्थ दरमहा मनीऑर्डर करी, काका ती परत पाठवीत आणि परतीच्या पावत्या तो जपून ठेवी. परवानगी, अपील, नोटीस, दावा असे करता करता नऊ वर्षे गेली आणि शेवट तडजोडीत झाला. तोवर काका-काकू घाटंजीला आमच्या शेजारी दोन खोल्यांत किरायाने राहत होते. स्वतःचे घर असलेला माणूस भाडेकरू म्हणून म्हातारा झाला. आणि तो भाडेकरू दुष्ट होता का? मुळीच नाही. चार मुले, बेताचा पगार आणि त्या भाड्यात दुसरे घर सापडणे अशक्य. कायद्याने दोन भल्या माणसांना समोरासमोर उभे केले आणि मधल्या मध्ये नऊ वर्षे खाऊन टाकली.

अशा गोष्टी एका गावात राहत नाहीत. यवतमाळची गोष्ट एस.टी.ने घाटंजीला येते, पांढरकवड्याला जाते, आर्णीला पोहोचते. भाडे नियंत्रणाचा कायदा नेमून दिलेल्या गावांनाच लागू असतो. भीतीला अशी यादी नसते. ज्या गावाला कायदा लागू नाही तिथे महिन्याच्या भाड्याचे घर पंधरा दिवसांच्या नोटिशीने मागता येते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलेले आहे. पण ते वाचतो कोण? लोकांनी एकच वाक्य पाठ केले, ‘बाप्पा, कूळ लागेल!’

हा शब्दही घराचा नाही, तो शेतीचा आहे. विदर्भासाठी कूळकायदा १९५८ साली झाला आणि १ एप्रिल १९६१ पासून कुळांना कसत असलेल्या जमिनीचे मालक करण्याची तरतूद अमलात आली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या माणसाला जमीन मिळाली, हा न्यायच होता. पण गावोगावच्या मालकांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत दुसऱ्याचे नाव चढू द्यायचे नाही, मक्ता तोंडीच ठरवायचा, एकाच माणसाला एक वावर सलग वर्षे द्यायचे नाही. जमिनीचा हा धडा माणसांनी घरालाही लावला. भाडेपावती द्यायची नाही, करार करायचा नाही, किराया हातोहात घ्यायचा. कागद केला की माणूस चिकटला, असे समीकरण पक्के झाले.

आणि त्याची किंमत कोणी मोजली? जो कायद्याने वाचायला हवा होता त्यानेच. आमच्या तालुक्यात मक्त्याने वावर घेऊन कापूस पेरणारे कितीतरी आहेत. बी त्यांचे, खत त्यांचे, घाम त्यांचा. पण कागद नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. अतिवृष्टी झाली तर भरपाई सातबारावाल्याच्या खात्यात जाते. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांनी देशभर गेले. त्या घरांना जी एक लाखाची सरकारी मदत मिळे, तिच्या निकषांतही जमीन घरातल्या कोणाच्या नावावर असणे महत्त्वाचे ठरले. मक्तेदाराच्या विधवेने काय दाखवायचे? नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला तो हीच गाठ सोडवण्यासाठी. मालकाची मालकी पक्की राहावी आणि कसणाऱ्याच्या हातात कागद असावा, एवढेच त्याचे सार आहे. घरभाडेकरूचेही तेच. पावती नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही आणि पत्ता नाही म्हणून रेशनकार्डापासून गॅसपर्यंत सगळे अडते.

घरांच्या बाबतीत पाणी वळायला १९९७ साल उजाडले. डिसेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले, की १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. तोपर्यंत एकाच राज्यात तीन कायदे होते. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या वारशाचा १९५४ चा आणि आपल्याकडे १९४९ चा आदेश. महाराष्ट्र १९६० साली एक झाला, पण भाडेकरू एक व्हायला आणखी चाळीस वर्षे लागली.

नव्या कायद्याने विदर्भातले परवानगीचे दार काढून टाकले. खटला थेट न्यायालयात आला. भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला मिळाला. भाडे थकले तरी भाडेकरूला आधी नोटीस देऊन ९० दिवसांची मुदत द्यावी लागते. पाणी-वीज तोडायला मालकाला बंदी आहे आणि पैसे घेतले की पावती देणे त्याचे कर्तव्य आहे. स्वतःसाठी घर मागणाऱ्या मालकाची गरज खरी असली, तरी जास्त हाल कोणाचे होतील हे न्यायालय पाहते. काकांच्या प्रकरणात हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आजही सोपे नाही.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते पंचावन्नावे कलम. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ही जबाबदारी मालकाची, असे ते सांगते. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. म्हणजे पन्नास वर्षांचे समीकरणच उलटे झाले. पूर्वी मालकाला वाटे, कागद केला तर कूळ लागेल. आता कागद न करणारा मालकच उघडा पडतो. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूतही जुनी झाली. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्याने सूट होती म्हणून ती रूढ झाली, पण भाडे नियंत्रण कायद्याखाली अकरा महिन्यांचाही करार नोंदवावा लागतो. राहण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ने घर दिले आणि मुदत संपूनही समोरचा जाईना, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहील तितके दिवस दुप्पट शुल्क मागता येते. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही पहिली अट लेखी कराराचीच आहे.

तरीही कुलपे निघत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांमध्ये सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. आमच्या गल्लीतही सागवानी दाराची दोन घरे बंद आहेत. मुले पुण्याला, आई-वडील गेलेले. कवेलू खचतात, भिंतीला ओल धरते, पण किरायाने देत नाहीत. आणि त्याच गल्लीत नवे लग्न झालेली जोडपी एका खोलीत पडदा लावून संसार करतात.

मी माझ्या तिन्ही भाडेकरूंशी नोंदणीकृत करार केले आहेत. दरमहा पावती देतो, कवेलू फिरवल्याची तारीख वहीत लिहितो आणि त्यावर त्यांची सही घेतो. दोघे बदलीचे आहेत. तिसरा सायकल दुरुस्त करणारा. तो गावचाच आहे, कुठे जाणार नाही. त्याला गाळा दिला तेव्हा गल्लीतल्या चौघांनी मला शहाणपण शिकवले. त्या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. एकदा त्याचे दोन महिने थकले होते, तेही त्याने दिवाळीनंतर फेडले, आणि वहीत दोघांच्या सह्या आहेत.