आधी बटण, मागून माप

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. पाणी मोजून देणारी यंत्रे अशा ठिकाणी सर्वांत आधी रुजावीत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आधी रुजले ते मोटार दुरून चालू-बंद करण्याचे साधन. मुळाशी ओल किती, हे सांगणारा बिनतारी सेन्सर मागून आला आणि तोही मोजक्या पिकांपुरता. याचे कारण बहुधा यंत्राच्या किमतीत शोधले जाते. मला ते पाण्याच्या हिशेबाच्या जुन्या रीतीत दिसते.

शहराजवळ अदिला नदीवर इंग्रजांनी एकरुख तलाव बांधला. 1871 साली तो पुरा झाला. 1879 मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा आला. पुढे नीरा उजवा कालवा माळशिरसकडे उतरला, 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. एवढ्या काळात धरणे मोठी होत गेली, पण शेतकऱ्याची पाणीपट्टी मुख्यतः पीक आणि क्षेत्र यांवरच ठरत राहिली. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळी आली की पाटकरी दार उघडणार, आणि पाळी चुकली तर पुढची कधी येईल याचा नेम नाही. अशा व्यवस्थेत हाती आलेले पाणी रानात भरून घेणे हाच शहाणपणा ठरतो. शेतकऱ्याला त्यासाठी उधळ्या म्हणणे अन्यायाचे आहे.

विहिरी-बोअरवाल्यांना कालव्याची पाळी नव्हती, पण विजेची आली. शेतीची थ्री-फेज वीज दिवसाचे काही तासच, आणि आलटून-पालटून रात्री. अपरात्री, विंचू-सापाच्या वाटेने मोटार चालू करायला जाणे टाळण्यासाठी स्टार्टरला 'ऑटो' बसले: वीज आली की मोटार आपोआप सुरू, पिकाला गरज असो वा नसो. सगळ्यांच्या मोटारी एकदमच सुरू झाल्याने डीपी जळायचे, ते वेगळेच. मग मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे त्यातले गाजलेले नाव. या बटणाने माणसाची रात्रीची फेरी वाचवली, पाणी वाचवणे हा त्याचा मुख्य उद्देश नव्हता.

मापाची गरज निर्माण केली ती डाळिंबाने. हलक्या, मुरमाड रानात येणाऱ्या या झाडाला बहार धरण्याआधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फूल नीट निघत नाही, जास्त झाला तर झाड खचते. फळ पोसताना पाणी कमी-जास्त झाले की ते तडकते आणि मुळाशी सतत ओल राहिली की मर रोगाला वाट मिळते. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याचा बागायतदार हे तंत्र सेन्सरच्या आधीपासून जाणत होता. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 चे, सोलापूर डाळिंबाचे भौगोलिक मानांकन 2016 चे. म्हणजे ज्ञान आणि बाजार दोन्ही हाताशी आले. ठिबक आधीच होते. दोन खोलींवर पुरलेला सेन्सर आणि दुरून उघडणारा व्हॉल्व्ह त्यावर सहज बसला, कारण जादा पाण्याचा फटका इथे थेट खिशाला बसतो.

यावर जाणते शेतकरी म्हणतात की मूठभर माती दाबली की ओल कळते, यंत्र कशाला? वरच्या थरापुरते ते खरेच आहे, पण दीड-दोन फुटांखालची ओल रोज आठ ठिकाणी मुठीने पाहणे शक्य नाही. भारी काळ्या मातीबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार आहे: ती सुकताना भेगाळते, सेन्सरचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा फसवतो. तिथे यंत्रावर आंधळा विश्वास नकोच. किमतीचा मुद्दा मात्र मला अपुरा वाटतो. जिल्ह्यातला ऊस उत्पादक काही सगळाच गरीब नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने अलीकडे उसातही सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करून दाखवले आहेत. तरी कालव्यावरच्या उसाला क्षेत्रावर पट्टी आणि एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला मोफत वीज असताना, वाचवलेल्या पाण्याचा शेतकऱ्याच्या वहीत जमेला एक रुपयाही पडत नाही. उलट ते पाणी शेजारच्या एकरात नवा ऊस लावायला जाते. सेन्सरला अनुदान देण्याआधी सरकारने चारीच्या तोंडाशी पाणी घनमीटरने मोजावे आणि त्याच मापाने पट्टी लावावी.