जकात, पेट्रोल आणि रस्ता

पेशवाईतील जकातीचे कागद ज्यांच्या संग्रही आहेत त्यांस विदितच आहे की, नाक्यावर बैलाच्या ओझ्यामागे घेतलेला पैसा सरकारजमा होई. त्याच वाटेच्या दुरुस्तीशी तो बांधलेला नसे. रस्ता हे वसुलीचे स्थान, खर्चाचे नव्हे. म्हणून अशी दप्तरे चाळताना जमेवर न थांबता खर्चाची बाजूही ताडून पाहावी, असे आमचे मत आहे.

अखिल हिंदुस्थानाकरिता ही सांगड घातली ती मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने. ती १९२७ त नेमली गेली. १९२८ त तिचा अहवाल आला. आणि १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन ते रस्तेनिधीत जाऊ लागले. प्रांतांचा वाटाही पेट्रोलच्या खपावरून ठरे. कऱ्हाडाकडून सांगलीस येणारी मोटार तेव्हा सातारा जिल्ह्याचा इंग्रजी मुलूख सोडून पटवर्धनांच्या संस्थानात शिरे. हा कर मात्र कोणत्याही नाक्यावर उभा न राहता तिच्या टाकीतूनच प्रवास करी! जकातदारास ही युक्ती सुचती तर!

२००० मध्ये या निधीस स्वतंत्र कायदा लाभला. पुढे २०१८ त त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द शिरले, आणि बंदरे व पाणीपुरवठा यांसही त्यातून द्रव्य देण्याची वाट मोकळी झाली.